लुसियादमधली इनेस आणि राजघराण्यांची लग्नं: जहाजं नेमकी कोणी हाकली?

दर्यावर्दी

मंडळी, सध्या कामोइंशचं 'लुसियाद' वाचतोय (इंग्रजीतून, पोर्तुगीज येत नाही). १५७२ साली छापलेलं, वास्को द गामाच्या हिंदुस्थान-सफरीवरचं महाकाव्य. कवी १५५३ मध्ये गोव्यात उतरला होता, त्यामुळे आपल्याला तो अगदीच परका नाही. गामा आफ्रिकेतल्या मालिंदीच्या राजाला पोर्तुगालचा इतिहास ऐकवतोय, लढायांमागून लढाया चालल्या आहेत, आणि तिसऱ्या सर्गात अचानक इनेस दे कास्त्रो येते. तिथे मी जो अडकलो तो अजून पुढे सरकलेलो नाही.

गोष्ट माहीत नसेल त्यांच्यासाठी: पोर्तुगालचा युवराज पेद्रो. त्याची बायको कोन्स्तान्सा शेजारच्या कास्तील राज्यातून (आजच्या स्पेनमधलं) आली, तिच्या सोबतीला सखी म्हणून गालिसियाची इनेस. युवराज सखीच्या प्रेमात. कोन्स्तान्सा गेल्यावर तर दोघं राजरोस एकत्र राहू लागले, मुलंबाळं झाली. इनेसचे भाऊ कास्तीलच्या राजकारणात मुरलेले. उद्या हे लोक आपल्या डोक्यावर मिरे वाटतील, या भीतीने म्हातारा राजा आफोंसो चौथा याने ७ जानेवारी १३५५ ला कोइंब्रात इनेसला मारवलं. पेद्रोने बापाविरुद्ध बंड केलं. १३५७ मध्ये गादीवर आल्यावर त्याने मारेकऱ्यांपैकी दोघांना कास्तीलकडून मागवून घेतलं आणि त्यांची काळजं काढवली. बखर सांगते, एकाचं छातीतून, दुसऱ्याचं पाठीतून. तिसरा निसटला. अल्कोबासाच्या मठात पेद्रो-इनेसच्या संगमरवरासारख्या नाजूक कोरलेल्या कबरी आज समोरासमोर आहेत.

आता माझं म्हणणं. एवढं जळजळीत प्रेम, त्यातून निघालं काय? मुडदे आणि कविता. उलट ज्या लग्नांत प्रेमाचा पत्ता नव्हता ती बघा. १३८७ मध्ये इंग्लंडच्या फिलिपाचं पोर्तुगालच्या जुआंव पहिल्याशी लग्न झालं, त्यातून हेन्री द नॅव्हिगेटर जन्मला. १४६९ मध्ये इसाबेला-फर्डिनांड, त्यातून कोलंबस. १६६२ मध्ये कॅथरीन ऑफ ब्रागांझा आणि दुसरा चार्ल्स, त्यातून आपली मुंबई. म्हणजे विध्वंसक प्रेम साहित्याच्या वाट्याला आणि ठरवून केलेलं लग्न समुद्राच्या वाट्याला, अशी सरळ वाटणी दिसते. पटतं का?

बाकरवडी

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

अबोली

दर्यावर्दी, वाटणी सुबक आहे, पण तुमच्या दोन्ही गोष्टी एकाच घरातल्या आहेत हे सुटलं का? फिलिपाचा नवरा जुआंव हा तुमच्या पेद्रोचाच मुलगा! आई तेरेसा लोरेन्सो नावाची बाई. जन्म एप्रिल १३५७. इनेसला जाऊन सव्वादोन वर्षं झाली होती. अमर प्रेम वगैरे ठीक आहे, पण स्वारी फार काळ एकटी राहिलेली दिसत नाही.

बाकरवडी

=)) =)) काळजं काढायच्या आधीच पाळणा!

दर्यावर्दी

अबोलीताई, जुआंव अनौरस होता हे वाचलं होतं, पण मग गादी त्याला कशी? इनेसची मुलं होतीच की.

अबोली

तिथेच तर गंमत आहे, जरा सविस्तर लिहिते.

पेद्रो १३६७ मध्ये गेला. कोन्स्तान्साचा मुलगा फर्नांदो राजा झाला, तो १३८३ मध्ये गेला. त्याला एकुलती एक मुलगी, तिचं लग्न त्याच वर्षी कास्तीलच्या राजाशी लावलेलं. म्हणजे पोर्तुगाल कास्तीलच्या घशात जायची वेळ. लोक खवळले, बंड झालं. आता गादीला दावेदार कोण? इनेसचे मुलगे जुआंव आणि दिनिश, आणि तेरेसाचा जुआंव, जो आविशच्या लष्करी धर्मसंघाचा प्रमुख होता.

पेद्रोने १३६० मध्ये शपथेवर जाहीर केलं होतं की माझं इनेसशी गुपचूप लग्न झालं होतं. पण लग्नाचा दिवस कोणता, तर म्हणे आठवत नाही. पंचवीस वर्षांनी, १३८५ मध्ये कोइंब्राच्या सभेत जुआंव दास रेग्रास या वकिलाने नेमकं हेच धरलं. जे लग्न नवऱ्यालाच धड आठवत नाही ते लग्न कसलं? म्हणजे इनेसची मुलंही अनौरस. म्हणजे सगळेच अनौरस. मग गादी रिकामी, आणि सभेने हवा तो राजा निवडावा. ६ एप्रिलला तेरेसाच्या मुलाला निवडलं, १४ ऑगस्टला आल्जुबारोताच्या लढाईत त्याने कास्तीलचा धुव्वा उडवला. त्या लढाईत इंग्रज तिरंदाज मदतीला होते, पुढच्या वर्षी पोर्तुगाल-इंग्लंडमध्ये विंडसरचा तह झाला, आणि तहामागून फिलिपा आली.

तेव्हा इनेसचं लग्न रीतसर, चारचौघांत झालं असतं तर तिचा मुलगा राजा झाला असता. फिलिपा पोर्तोला आली नसती. एन्रिके, म्हणजे तुमचा हेन्री द नॅव्हिगेटर, जन्मला नसता. प्रेमाने जहाजं हाकली नाहीत असं कसं म्हणता?

गोदाकाठ

अबोली, _/\_ . असे प्रतिसाद वाचायलाच इथे येतो. वाचनखूण साठवली.

चिंचपोकळीचा_चिंतामणी

लग्नाची तारीख विसरणाऱ्या नवऱ्यामुळे इतिहास बदलला तर. सौ.ला हा धागा दाखवणार नाहीये.

हिशेबनीस

सगळं रसाळ आहे, पण तुम्ही लोक इतिहासाकडे लग्नाच्या अल्बमसारखं बघताय. एन्रिके नसता तर दुसरा कोणी असता. पोर्तुगालच्या एका बाजूला कास्तील, दुसऱ्या बाजूला समुद्र, जाणार कुठे? सहारा ओलांडून उत्तरेत येणारं सोनं हवं होतं, धान्य हवं होतं, लिस्बनमध्ये जिनोव्हाचे व्यापारी पैसा लावायला बसलेले होते. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचं बोजादोरचं टोक १४३४ मध्ये जिल इयानिशने ओलांडलं ते खलाशांना परतीचं वारं कळू लागलं म्हणून, कोणाच्या आईबापांच्या लग्नामुळे नव्हे. आणि त्या 'शोधा'तून पहिल्यांदा भरघोस आलं काय? १४४४ मध्ये लागोश बंदरात उतरवलेले २३५ गुलाम. एन्रिके घोड्यावर बसून आपला पाचवा हिस्सा मोजून घेत होता. कवितेत हे येत नाही.

आणखी एक. दर्यावर्दी १४६९ चं इसाबेलाचं लग्न सांगतात. त्याच १४६९ मध्ये पोर्तुगालच्या आफोंसो पाचव्याने फर्नांव गोमिश या लिस्बनच्या व्यापाऱ्याला गिनीचा व्यापार मक्त्याने दिला. वर्षाला दोन लाख रेआल, आणि अट अशी की दरवर्षी शंभर लीग नवा किनारा शोधून द्यायचा. पाच वर्षांत माणसाने गिनीच्या आखातापर्यंत मजल मारली. एन्रिकेच्या आयुष्यभरात जेवढा किनारा सापडला नाही तेवढा मक्तेदाराने काढला. त्याची प्रेमकथा कोणाला ठाऊक आहे का?

अबोली

हिशेबनीस, तुमचा हाच आफोंसो पाचवा त्याच सुमारास इसाबेलाला मागणी घालून होता हे तुमच्या खतावणीत दिसत नाही. :)

तिच्या सावत्र भावाने, कास्तीलच्या एन्रिके चौथ्याने, हे स्थळ जवळजवळ पक्कं केलं होतं. वर विधुर आणि तिच्याहून जवळपास वीस वर्षांनी मोठा. तिने परस्पर आरागॉनच्या फर्डिनांडला निरोप धाडला. तो व्यापाऱ्यांच्या तांड्यात नोकराच्या वेषात सीमा ओलांडून आला, खेचरांची देखभाल करत. दोघं नात्यातली, त्यामुळे पोपची परवानगी हवी. ती बनावट तयार केली. १९ ऑक्टोबर १४६९ ला वायादोलिदमध्ये लग्न उरकलं. नवरी अठराची, नवरा सतराचा. हिने भावाचं ऐकून पोर्तुगालची वाट धरली असती तर १४९२ मध्ये कोलंबस कोणाच्या दारात उभा राहिला असता? कास्तील आणि पोर्तुगाल एका घरात आल्यावर जग आपसांत वाटून घेणारा तोर्देसियासचा तह करायला समोर दुसरी बाजूच उरली नसती.

हिशेबनीस

'असतं तर' या शब्दांवर कादंबरी होते, इतिहास होत नाही.

बाकरवडी

पण पळून जाऊन लग्न, वर खोटी कागदपत्रं. हे 'ठरवून केलेलं लग्न' या सदरात कसं बसतं दर्यावर्दी? वाटणी पहिल्याच पानावर फिसकटली की.

दर्यावर्दी

बाकरवडी, तिने नवरा निवडला तो न बघता, हिशेब करून. समोरासमोर भेट लग्नाच्या चारपाच दिवस आधी झाली. याला मी प्रेम म्हणणार नाही, उत्तम राजकारण म्हणेन. वाटणी शाबूत आहे.

मस्तानीप्रेमी

आपल्याकडे बाजीराव-मस्तानी असताना पोर्तुगालला कशाला जायचं?

संपादक मंडळ

बाजीराव-मस्तानीवर स्वतंत्र धागे आहेत, तिथे अजून गरमागरम चर्चा चालू आहे. इथे विषयाला धरून लिहावे ही विनंती.

पणजीकर

धागा जुन्या गोव्याच्या इतका जवळून जातोय आणि कोणी आत शिरत नाही, म्हणून लिहितो.

जुन्या गोव्यात बाँ जेझूसमध्ये गर्दी असते. तिथून पश्चिमेला थोडं चालत गेलं की टेकडीवर रोझरी चर्च लागतं. गोल बुरुजांचं, चर्चपेक्षा किल्लाच वाटणारं. १५१० ची लढाई आल्बुकेर्कने इथून पाहिली असं सांगतात. आत भिंतीत एक कबर आहे, तिच्यावर अगदी गुजराती धाटणीचं बारीक कोरीव काम. आयुष्यभर युरोपी चर्चं बघितलेला माणूसही तिथे थबकतो, कारण हे नक्षीकाम अहमदाबादच्या मशिदीच्या जाळीत शोभावं असं. कबर दोना कातारिनाची. गव्हर्नर गार्सिया द सा याच्याबरोबर ती वर्षानुवर्षं राहिली, त्याच्यापासून मुली झाल्या, पण लग्न मात्र ती मृत्युशय्येवर असताना झालं. लावलं ते साक्षात फ्रान्सिस झेवियरने, असं सांगतात. गार्सिया १५४९ मध्ये गेला, त्याचीही कबर याच चर्चमध्ये.

त्यांची मुलगी लिओनोर. तिला आधी दीवच्या किल्लेदाराचं, लुईश फाल्कांवचं स्थळ होतं. त्याचा दीवमध्येच खून झाला, आणि लोकांची कुजबुज होती की यामागे मानुएल द सोझा सेपुल्वेदा आहे. कारण लिओनोर शेवटी त्याच्याशीच लग्न करून मोकळी झाली.

१५५२ च्या फेब्रुवारीत हे जोडपं मुलांसह कोचीहून 'सांव जुआंव' जहाजाने पोर्तुगालला निघालं. जहाज मिऱ्यांनी ठासून भरलेलं, शिडं जुनी, निघायला आधीच उशीर. जूनमध्ये आफ्रिकेच्या नाताळ किनाऱ्यावर फुटलं. वाचलेले लोक किनाऱ्याने चालत निघाले, आठवड्यांमागून आठवडे. माणसं गळत गेली, शस्त्रं गेली, शेवटी अंगावरचे कपडेही लुटले गेले. लिओनोरने वाळूत खड्डा करून कमरेपर्यंत स्वतःला पुरून घेतलं आणि केसांनी अंग झाकलं. ती तिथून परत उठली नाही. सेपुल्वेदाने बायको-मुलाला हाताने वाळूत पुरलं आणि एकटाच रानात चालत गेला. तो पुन्हा कोणाला दिसला नाही.

पुढच्याच वर्षी कामोइंश गोव्यात आला. ही बातमी इथे अजून ओली होती. दर्यावर्दी, तुम्ही तिसऱ्या सर्गात अडकलात, पाचव्यापर्यंत या. केप ऑफ गुड होपचा राक्षस आदामास्तोर गामाला शाप देतो, त्यात हे जोडपं आहे.

सई_परांजपे_नाही

काटा आला. रोझरी चर्चच्या बाहेरून तीनदा तरी गेले असेन.

हिशेबनीस

पणजीकर, उत्तम प्रतिसाद. पण जहाज प्रेमाने फुटलं नाही, मिऱ्यांनी फुटलं. उशीर का झाला? मिरी वेळेत मिळाली नाहीत म्हणून. शिडं जुनी का? पैसे वाचवायला.

पणजीकर

साहेब, मिऱ्यांनीच फुटलं. पण माणसांना चारशेहून अधिक वर्षं लिओनोर लक्षात राहिली, मिऱ्यांचं वजन तुम्हालाच.

तळ्यात_मळ्यात

सगळे हुआनाला विसरले. इसाबेला-फर्डिनांडची मुलगी, इतिहासात 'वेडी हुआना'. १४९६ मध्ये देखण्या फिलिपशी लग्न. ती त्याच्यावर जीव टाकणारी, तो बाहेरख्याली. १५०६ मध्ये तो बुर्गोसला अचानक वारला आणि गरोदर हुआना त्याची शवपेटी घेऊन कास्तीलभर फिरली. १५०९ पासून तिला तोर्देसियासला कोंडलं. हो, तेच गाव, जिथे १४९४ मध्ये तिच्या आईबापांनी आणि पोर्तुगालने पृथ्वीची वाटणी केली. १५५५ मध्ये मरेपर्यंत ती तिथेच. आधी बापाने कोंडलं, मग मुलाने, आणि दोघांच्याही हाती त्यामुळे राज्य राहिलं. कितपत वेडी होती आणि कितपत सोयीची होती, हा प्रश्न मला कायम पडतो. मॅगेलनच्या ताफ्यातलं एक जहाज १५२२ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करून परतलं तेव्हा कागदोपत्री कास्तीलची राणी हीच होती.

तिचा मुलगा पाचवा चार्ल्स आणि पोर्तुगालचा जुआंव तिसरा यांचं तर शुद्ध साटंलोटं. जुआंवने १५२५ मध्ये चार्ल्सची बहीण केली, चार्ल्सने १५२६ मध्ये जुआंवची. आणि १५२९ मध्ये एका मेव्हण्याने दुसऱ्याला मोलुक्का बेटांवरचा हक्क साडेतीन लाख डकॅटना विकला. जायफळ-लवंगांची बेटं, घरातल्या घरात!

चिंचपोकळीचा_चिंतामणी

आमच्याकडे मेव्हण्याने स्कूटरसुद्धा कमी भावात दिली नाही.

माहिमकर

मुंबईचा उल्लेख वर एका ओळीत उरकलाय, म्हणून भर घालतो. कॅथरीनच्या लग्नाचा करार १६६१ चा, पण इंग्रजांना मुंबई हातात पडायला १६६५ उजाडलं. इंग्रजांचं म्हणणं साष्टी, माहीम सगळं यात येतं. इथला पोर्तुगीज व्हाइसरॉय म्हणे अजिबात नाही, एकच बेट. ताबा घ्यायला आलेला अब्राहम शिपमन कारवारजवळच्या अंजदीव बेटावर वाट बघत बघत तिथेच मेला, त्याची बरीच माणसंही. शेवटी त्याचा सेक्रेटरी हम्फ्री कूक याने मिळेल तेवढं पदरात पाडून घेतलं. १६६८ मध्ये राजाने बेट कंपनीला दिलं, वर्षाला दहा पौंड भाड्याने.

त्या आधी याच बेटाचा भाडेकरू गार्सिया द ओर्ता होता, गोव्यात १५६३ मध्ये औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ छापणारा वैद्य. त्याचे आईबाप १४९२ मध्ये स्पेनमधून हाकललेले ज्यू. पोर्तुगालला आले, तर तिथे राजा मानुएलला इसाबेला-फर्डिनांडची मुलगी करायची होती आणि सासरकडची अट होती की आधी ज्यूंना बाहेर काढा. १४९६ मध्ये हुकूम निघाला, १४९७ मध्ये लग्न झालं, तोवर ज्यूंना जबरदस्तीने बाप्तिस्मा देऊन झाला होता. नवरी १४९८ मध्ये बाळंतपणात गेली. ओर्ताचं तर मेल्यावरही सुटलं नाही. १५८० मध्ये गोव्याच्या इन्क्विझिशनने हाडं उकरून जाळली.

म्हणून मला 'लग्नाने समुद्र मिळाला' हे वाक्य टोचतं. एका लग्नाची किंमत कोणी कोणी मोजली, ते इथे माहीम-दादरमध्ये बसूनही दिसतं.

हिशेबनीस

माहिमकर +१. मात्र मुंबई हे शोधसफरीचं उदाहरण नाही, ते जागेचं हस्तांतर आहे. धाग्यातून वजा करावं.

बाकरवडी

दहा पौंड भाडं, डिपॉझिट नाही, ब्रोकर नाही. आणि आम्ही वन आरके शोधतोय.

दर्यावर्दी

पणजीकरांच्या सांगण्यावरून पाचवा सर्ग वाचून आलो. धाग्याच्या मूळ प्रश्नाला नवीन फाटा फुटतोय.

आदामास्तोर शाप देऊन थांबत नाही. गामा त्याला विचारतो, तू कोण? तेव्हा तो स्वतःची गोष्ट सांगतो. थेटिस या सागरकन्येवर तो भाळला होता. ती भेटायला येते असं सांगून त्याला फसवलं. त्याने धावत जाऊन मिठी मारली ती खडकाला. तिथेच त्याचा दगड झाला, तो म्हणजे ते टोक. म्हणजे हिंदुस्थानच्या वाटेवरचा सगळ्यात भयंकर अडथळा हाच कवीने एका फसलेल्या प्रेमातून घडवलाय!

आणि त्या आधी, चौथ्या सर्गाच्या शेवटी, लिस्बनच्या बेलें किनाऱ्यावर गामाची जहाजं निघताना एक म्हातारा बायाबापड्यांच्या गर्दीतून पुढे होऊन शिव्या घालतो. कीर्तीची हाव, सत्तेची हाव, तिच्यापायी घरंदारं ओस पाडताय म्हणतो. राष्ट्राचं गुणगान करणाऱ्या काव्यात हा म्हातारा घालायला छाती लागते. मला वाटतं कामोइंशला माझी वाटणी मान्य झाली नसती. पेद्रोला इनेस हवी होती आणि मानुएलला कालिकत हवं होतं, या दोन्ही हव्यासांकडे तो एकाच नजरेने बघतोय. मी मात्र फिलिपाच्या बाबतीत अजून ठाम आहे. ती १४१५ च्या जुलैत प्लेगने मरत असताना मुलांना तलवारी देते आणि महिनाभरात ते उत्तर आफ्रिकेतलं सेउता जिंकतात, ही बाई प्रेमाच्या रकान्यात बसत नाही.

अबोली

फिलिपा बसत नाही, मान्य. तिच्या मुलाने, एन्रिकेने, जन्मभर लग्नच केलं नाही, त्याला कुठल्या रकान्यात टाकणार?

हिशेबनीस

नफ्याच्या.

सई_परांजपे_नाही

दर्यावर्दी, अनुवाद कोणाचा वाचताय? जुन्यातला जुना कोणता?

गोदाकाठ

जुन्यातला जुना इंग्रजी अनुवाद रिचर्ड फॅनशॉचा, १६५५ चा. रच्याकने, हाच फॅनशॉ १६६१ मध्ये दुसऱ्या चार्ल्सच्या लग्नाच्या कामासाठी लिस्बनला गेला होता. म्हणजे इनेसला इंग्रजीत आणणारा गृहस्थ आणि मुंबईच्या सोयरिकीतला मध्यस्थ एकच.

माहिमकर

हे माहीत नव्हतं! हिशेबनीस, आता तरी मुंबई धाग्यात परत घ्या.

हिशेबनीस

घेतो. दलाली किती मिळाली त्याला, ते कोणी सांगेल का?